पहिला पर्याय

सासरे : परत तेच केलंस. या इंग्रजी वाक्यात चूक नव्हतीच. पहिला पर्याय, जसं आहे तसं. तू तिसऱ्यावर खूण केलीस.

सून : खाली रेघ मारलीय म्हटल्यावर काहीतरी बिनसलेलं असणार असं वाटतं, बाबा.

सासरे : रेघ सगळ्याच वाक्यांत असते गं. हेच वाक्य बघ, ‘डॉक्टर यायच्या आत पेशंट निघून गेला होता.’ दोन गोष्टींतली जी आधी घडली तिला ‘हॅड’ लागतो. तो लावलेला आहे. मग कशाला हात लावायचा? कचेरीत बत्तीस वर्षं साहेबांची इंग्रजी पत्रं टाइप केली मी. चुकलेलं गुपचूप सुधारायचो, पण बरोबर असेल त्याला बोट लावत नव्हतो.

सून : परीक्षेत दोन्ही वेळा याच प्रश्नांनी घात केला. मागच्या खेपेला तर चार गुणांनी हुकलं.

सासरे : पुस्तक मिट जरा. तुला एक सांगायचंय. रविवारी तू लॅबमध्ये होतीस, तेव्हा परदेशातून तुझ्या नवऱ्याचा फोन आला होता.

सून : काय म्हणाला?

सासरे : म्हणाला, व्हिसासाठी तिला उगाच परीक्षेला बसवू नका, तिला इकडे आणायचा माझा विचार नाही. तिथे कुणीतरी आहे. एकाच घरात राहतात. चार दिवस झाले, माझ्या तोंडातून शब्द फुटेना. तू रोज समोर येऊन बसायचीस आणि मी आपला पर्याय वाचत राहायचो.

सून : मला ठाऊक आहे.

सासरे : कधीपासून?

सून : पहिल्या परीक्षेच्या आदल्या दिवसापासून. त्यानेच सांगितलं. आईंना जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. तुमच्याकडे पाहिलं आणि गप्प बसले.

सासरे : मग ही परीक्षा कशासाठी देतेस?

सून : माझ्यासाठी. तो आहे तिथे नाही, दुसऱ्याच देशात एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये जागा आहे. मुलाखत झालीय, त्यांनी होकारही कळवलाय. फक्त हे गुण हवेत.

सासरे : म्हणजे आपण दोघंही एकमेकांना जपत बसलो होतो.

सून : कधी कधी वाटतं, मी मुद्दाम तर चुकत नव्हते ना? पास झाले असते तर सगळं सांगावं लागलं असतं. आणि मग निघावं लागलं असतं.

सासरे : पुढच्या गुरुवारी पेपर आहे. या खेपेला पास हो.

सून : आणि संध्याकाळी तुम्ही बोलणार कुणाशी?

सासरे : हे कळल्यावर तू या घरात कशाला थांबशील, असं मी धरूनच चाललो होतो. म्हणून काल रेडिओ दुरुस्त करून आणला.