साठ अक्षरं

(रुग्णालयाच्या तळघरातली सर्व्हर-रूम. शनिवार, दुपारचा एक. टेबलावरचा फोन स्पीकरवर आहे.)

सून : …नाही सिस्टर, ठेवू नका फोन. अपग्रेड संपेपर्यंत लाइन चालूच ठेवायची, आमचा नियम आहे तसा. काही बिघडलं तर नंबर फिरवत बसायला वेळ नको.

सिस्टर : ठेवत नाही. पण वॉर्डात इतका कालवा आहे की तुम्हाला तुमचं काम सुचायचं नाही. मी माझ्या बाजूचा आवाज बंद करते. तुमचं मला ऐकू येईल.

सून : चालेल. पाच वाजेपर्यंत लॅबचा एकही रिपोर्ट पडद्यावर येणार नाही, सगळ्यांना सांगितलंय ना?

सिस्टर : सगळ्यांना. रिपोर्ट कागदावर येणार, आणि कागदावर आलेलं दोघींनी दोनदा मोठ्याने वाचायचं. मी हेडसिस्टर झाल्यापासूनची सक्त ताकीद आहे ती. फक्त एक विचारते, मॅडम. रक्त चढवायच्या आधी पडद्यावर लाल पट्टी येते बघा, 'थांबा, डॉक्टरांना विचारा' अशी. ती नव्यातही येईल ना?

सून : त्याच्याच मागे लागलेय. कळलं की सांगते.

सिस्टर : बरं. मी आहे इथेच.

सासरे : दार लोटलं तर उघडलं. आमच्या वेळी कुलूप असायचं या खोलीला.

सून : तुमच्यासाठीच उघडं ठेवलंय, बाबा. या. बसा.

सासरे : बसायला नाही आलो. फोनवर एवढं काय ओरडत होतीस? जेवणाच्या ताटावरून उठवलंस.

सून : ओरडत नव्हते, विचारत होते. मागच्या रविवारीही घरी विचारलं होतं. बाबा, तुम्ही चोवीस वर्षं ही यंत्रणा सांभाळलीत, तुमच्या हातचं आत काही आहे का, मी पुढच्या शनिवारी अपग्रेड करणार आहे. काय म्हणालात तुम्ही?

सासरे : आठवत नाही.

सून : 'काही नाही' म्हणालात. वर्तमानपत्रातून डोकंही वर न काढता. आता या पडद्याकडे बघा.

सासरे : चष्मा घरी राहिला.

सून : मग मी वाचते. आज सकाळी अपग्रेडच्या टूलने आधीची तपासणी केली. हे टूल आधी कपाटं उघडून बघतं, कुठे काय ठेवलंय ते, आणि मग नव्या मांडणीत लावतं. स्वतःच्या कंपनीचं सामान ते ओळखतं. बाकीचं ओळखत नाही. अहवालात लिहिलंय : स्कीमात, म्हणजे त्या कपाटांत, दोन अनोळखी वस्तू. एक टेबल, रुग्णांच्या नोंदींचं, आणि एक ट्रिगर, त्या नोंदींवरून आपोआप चालणारा. बनवणाऱ्याच्या जागी तुमचं लॉगिन आहे.

सासरे : असेल. काय गिळतायत तुला त्या?

सून : मला नाही गिळत. टूल त्यांना गिळणार आहे. कंपनीच्या कपाटात कंपनीचं नसलेलं काही सापडलं तर नवी मांडणी करताना ते सोबत घेत नाही. टाकून देतं. आणि मग काय झालं असतं माहितीये? लाल पट्टी बंद. वॉर्डात सगळे आठ वर्षं समजतायत की ती पट्टी यंत्रणेचीच आहे. ती तुमच्या टेबलातून येते, बाबा. दोनशे सदतीस माणसं आहेत त्यात, ज्यांना चुकीचं रक्त गेलं तर ती मरतील. मी आज 'पुढे' बटण दाबलं असतं तर सोमवारपासून ती सगळी उघड्यावर पडली असती. आणि कोणालाही कळलं नसतं. पट्टी आली नाही तर लोक म्हणतात, चला, सगळं ठीक आहे.

सासरे : दाबलं नाहीस ना?

सून : नाही.

सासरे : मग झालं तर. कशाला डोक्यावर मिरे वाटतेस? टेबल उचल, बाजूला ठेव, अपग्रेड कर, परत आत लाव. दहा मिनिटांचं काम आहे. तुमच्या त्या टूलने माणसांना आळशी केलंय नुसतं. चार पडदे, पुढे, पुढे, पुढे, समाप्त. आम्ही एकेक ओळ हाताने बदलायचो.

सून : आणि एकेक ओळ डोक्यात ठेवून घरी जायचात.

सासरे : तोंड सांभाळून बोल.

सून : सांभाळूनच बोलतेय, म्हणून अजून अहो-जाहो चाललंय. मला ही खुर्ची मिळाली तेव्हा अख्खं ऑफिस म्हणत होतं, सासऱ्याने सुनेला चिकटवलं. मी परीक्षा देऊन आले होते, तरी ऐकून घेतलं. वर तुम्ही काय दिलंत? एक किल्ल्यांचा जुडगा, आणि 'सगळं सुरळीत आहे'. कागद मागितले तर 'येईल हळूहळू अंगवळणी'. पाच वर्षं मी अंगवळणीच पाडून घेतेय. गुपचूप काढायचं आणि गुपचूप लावायचं? मग मी गेल्यावर पुढच्या माणसाने कोणाच्या सासऱ्याला जेवणावरून उठवायचं?

सासरे : मग काय करणार आहेस?

सून : हा अर्ज भरणार आहे. वस्तूचं नाव, मालक कोण, का बनवली. तो रक्त समितीकडे जाईल, समिती सही करेल, आणि मग ही पट्टी अधिकृत होईल. टेबल स्वतःच्या वेगळ्या स्कीमात राहील, कोणतंही टूल त्याला हात लावणार नाही. मला फक्त कारण हवंय. सांगा.

सासरे : लिही, तात्पुरती सोय.

सून : आठ वर्षं तात्पुरती?

सासरे : लोक जन्मभर तात्पुरत्या घरात राहतात.

सून : बाबा, मला राग येतोय.

सासरे : येऊ दे. मलाही येतोय. चांगलं काम केलं मी. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी शाबासकी दिली नाही, दोनशे माणसं जिवंत आहेत त्यामुळे. आणि ही पोरगी माझी झडती घेतेय.

सून : चांगलं काम होतं, तर लपवलंत का?

सासरे : लपवलं नाही. सांगितलं नाही.

सून : बरं. मग हे दुसरं सांगा. टूल कॉन्फिगरेशनही, म्हणजे यंत्रणेची सेटिंगंही तपासतं. हाताने बदललेली एकच नोंद सापडली. रक्तपेढीकडून रुग्णाविषयी शेरा येतो, तो वॉर्डच्या पडद्यावर किती अक्षरांपर्यंत दाखवायचा, त्याची मर्यादा. आधी साठ होती. कोणीतरी सहाशे केली.

सासरे : साठ कमीच पडायची.

सून : कधी केली बघा. तुमचं टेबल बनलं त्याच्या तीन दिवस आधी. आणि टेबलात पहिली नोंद कोणाची आहे? तिसऱ्या मजल्यावरची एक बाई, खाट चौदा. सगळ्या नोंदी जिवंत माणसांच्या, हीच एक मेलेल्या बाईची. तुम्ही टेबल बनवलंत तेव्हा तिला जाऊन दोन दिवस झाले होते. मेलेल्या बाईसाठी लाल पट्टी कशाला लावलीत, बाबा?

सासरे : पंखा लाव जरा.

सून : इथे एसी आहे. सांगा.

सासरे : साठ अक्षरांची मर्यादा मी घातली होती. यंत्रणा बसवली तेव्हाच. पडदे छोटे होते, शेरा लांब झाला की बाकीचं खाली जायचं, डॉक्टर कुरकुरायचे. म्हटलं, साठ पुरे.

सून : पुढे.

सासरे : त्या बाईचा शेरा रक्तपेढीने पाठवला तो असा. 'रुग्णास यापूर्वी या रुग्णालयात दोन वेळा रक्त देण्यात आले आहे', आणि त्यापुढे 'दुसऱ्या वेळी तीव्र प्रतिक्रिया येऊन जिवावर बेतले होते, विशेष तपासणीशिवाय रक्त देऊ नये'. यंत्रणेने पहिलं वाक्य पाठवलं. काना-मात्रा, मोकळ्या जागा यंत्र सगळं वेगळं मोजतं, साठ अक्षरं तिथेच भरली.

सून : म्हणजे वॉर्डात दिसलं एवढंच, की हिला आधी दोनदा रक्त दिलंय.

सासरे : एवढंच.

सून : आणि वाचणारीला वाटलं, दोनदा दिलंय, तिसऱ्यांदा द्यायला काय हरकत आहे.

सासरे : चौकशी बसली. रक्तपेढीने त्यांच्याकडचा कागद दाखवला, पूर्ण शेरा होता त्यावर. सगळे धरून चालले, वॉर्डातही पूर्णच दिसला असणार. मग ठरलं, ड्युटीवरच्या सिस्टरने नीट वाचला नाही. मला दोन तासांत कळलं होतं काय झालंय ते. साठचे सहाशे केले. बाई तेव्हा जिवंत होती अजून. मग गेली. मग मी ते टेबल बनवलं.

सून : आणि चौकशी समितीपुढे?

सासरे : मला विचारलं, यंत्रणा व्यवस्थित चालतेय का. मी म्हटलं, चालतेय. तेव्हा चालतच होती.

सून : तोंडात गुळणी धरून बसलात.

सासरे : तुमचं लग्न महिन्यावर आलं होतं. पत्रिका वाटून झाल्या होत्या. मी निलंबित झालो असतो तर तुझ्या वडिलांनी—

सून : आमच्या लग्नावर ढकलू नका हे. खबरदार. मी त्या मांडवात उभी होते, मला यातलं काही माहीत नव्हतं. तुमच्या भित्रेपणावर माझ्या लग्नाची चादर घालू नका. त्या सिस्टरचं काय झालं?

सासरे : घरी बसवलं काही दिवस. मग घेतलं परत.

सून : काही दिवस म्हणजे किती?

सासरे : मला नक्की—

सिस्टर : अकरा महिने.

सासरे : कोण बोललं?

सून : लाइन… सिस्टर, तुम्ही… बाबा, फोन चालू आहे. मी विसरूनच गेले.

सिस्टर : अकरा महिने, साहेब. मला समितीने विचारलं, शेरा पूर्ण वाचलास का. मी म्हटलं, वाचला. ते म्हणाले, मग रक्त लावलंस कसं? आणि घरी बसवलं.

सासरे : सिस्टर, मी…

सिस्टर : मला बोलू द्या. आठ वर्षं मी तो पडदा डोळ्यांपुढे आणून बघतेय. मला ते एकच वाक्य दिसायचं. मग वाटायचं, पुढचं लिहिलेलं असणारच, मलाच दिसलं नसणार. तीनदा डोळे तपासून घेतले. डॉक्टर म्हणाले, डोळे ठणठणीत आहेत. मग मला वाटलं, डोक्यातच काहीतरी बिघाड असेल. नवरा म्हणाला, नोकरी सोड. पोरी म्हणाल्या, सोड. मी सोडली नाही, पण त्या दिवसापासून एकही पिशवी एकटीच्या भरवशावर लावली नाही.

सासरे : मी तुम्हाला रोज बघत होतो.

सिस्टर : हो. जिन्यात नमस्कार करायचात. सगळे तोंड फिरवायचे तेव्हा तुम्ही थांबून नमस्कार करायचात. मी घरी सांगायचे, एक साहेब आहेत, देवमाणूस आहे.

सासरे : माझी हिंमत झाली नाही. दुसरं काही नाही सांगण्यासारखं.

सिस्टर : ते मला नका सांगू. मॅडम, माझ्या फाइलला तो ठपका अजून आहे. तुमच्या अर्जात कारण लिहायचं म्हणालात. किती अक्षरं बसतात त्या चौकटीत?

सून : चार हजार.

सिस्टर : मग जागा आहे.

सून : बसा, बाबा. आता तरी बसा. अपग्रेड आज होणार नाही. मोठ्या साहेबांना मी सांगते, पुढच्या शनिवारी बघू, ओरडायचं तेवढं ओरडू देत. सिस्टर, पंधरा मिनिटांत जुनं सुरू करते, पट्टीसकट. तोवर कागदच वापरा.

सिस्टर : वापरतोय.

सून : मालक म्हणून तुमचं पूर्ण नाव घातलंय. कारण तुम्ही सांगायचं. मी एक शब्द पदरचा घालणार नाही.

सासरे : माझी पेन्शन—

सून : सांगा.

सासरे : लिही. 'शेऱ्याची मर्यादा साठ अक्षरं मी ठेवली होती. त्यामुळे खाट चौदाच्या रुग्णाचा धोक्याचा शेरा वॉर्डात पोचला नाही, आणि रुग्ण दगावली. हे मला त्याच दिवशी कळलं होतं. चौकशी समितीला मी सांगितलं नाही. पुन्हा तसं होऊ नये म्हणून हे टेबल बनवलं.' झालं?

सून : झालं का?

सासरे : नाही. थांब. पुढे लिही. 'ड्युटीवरच्या सिस्टरने पडद्यावर जेवढं होतं तेवढं सगळं वाचलं होतं. त्यांची चूक नव्हती.'

सून : लिहिलं. अक्षरं मोठी केलीत, चष्म्याशिवायही दिसतील.

सासरे : सिस्टर? आहात ना लाइनवर?

सिस्टर : आहे. वाचा.

सासरे : 'ड्युटीवरच्या सिस्टरने पडद्यावर जेवढं होतं तेवढं सगळं वाचलं होतं. त्यांची चूक नव्हती.'

सिस्टर : परत वाचा, साहेब. आमच्याकडे दोनदा वाचतात.