व्यंकटनं लिहिलेली ओळ

हसाल तुम्ही, पण व्यंकटला फोन करायचं मला एआयनं सुचवलं.

आमच्या लातूरच्या ऑफिसात दुकानांच्या बिलांचं सॉफ्टवेअर बनतं. आधी आम्ही दोघं होतो. व्यंकट हैदराबादला नोकरीला गेला, तेव्हापासून मी एकटाच. दिवसभर बोलणं काय ते एआयशी.

परवा त्याला जुना कोड साफ करायला दिला. त्यानं विचारलं, "बिल छापायच्या आधी प्रोग्राम उगाच दोन सेकंद थांबतो. ही ओळ काढू का?"

न विचारता काही काढायचं नाही, असं मी त्याला आधीच बजावलेलं. म्हटलं, "आधी सांग, ही ओळ घातली कशासाठी असेल?"

"कोडवरून कळत नाही. ज्यानं लिहिली त्याला विचारता येईल का?"

व्यंकट गेल्यापासून आमचं बोलणं नव्हतं. कामच नसायचं, मग फोन कशाला करायचा? आता काम होतं. लावला.

"काढू नको बाबा ती," व्यंकट म्हणाला. "मुदखेडच्या दुकानातला प्रिंटर लई जुना हाय. थांबलं न्हाई तर बिलावरचं दुकानाचं नावच खातो."

"बरं."

काम झालं, फोन ठेवणार होतो. त्याच्या मागं ना टीव्ही, ना माणसाचा आवाज.

"काय करायलास?" मी विचारलं.

"काय न्हाई. खोलीवर बसून हाय." मग म्हणाला, "ऐक ना. तसल्या अजून चार-पाच ओळी हायत माझ्या."

"सांग की मग."

"आज न्हाई सांगत," तो म्हणाला. "उद्या फोन कर, एक सांगतो."