पाठीवरच्या चार पट्ट्या

नर्स : काका, काकूंच्या पाठीवर किती पट्ट्या आहेत, तुम्हीच मोजा बरं.

काका : मोजायच्या कशाला? चार. दर तीन दिवसांनी एक. कॅलेंडरवर खुणा आहेत माझ्या.

नर्स : आणि नवी लावताना जुनी काढायची नाही?

काका : डॉक्टर म्हणाले, दर वेळी जागा बदला. बदलली. औषध संपलेली पट्टी बिचारी कुणाचं काय खाते?

नर्स : अहो, संपत नाही ते! तीन दिवसांनंतरही आत उरतंच. आत्ता चारही पट्ट्यांतून औषध जातंय अंगात.

काका : छे! एवढीशी तर चिकटपट्टी. गोळी असती तर पटलं असतं.

नर्स : गोळी काकूंच्या पोटात ठरत नव्हती ना? शिवाय पोटातून ती यकृतात जाते, बरीचशी तिथेच खर्ची पडते. ही कातडीतून थेट रक्तात. हळूहळू, पण रात्रंदिवस. म्हणून मणक्याचं दुखणं थांबलं, आणि म्हणूनच ही गुंगी. थांबा, हात नका लावू! तुमच्याही कातडीतून जाईल. मी हातमोजे घालून काढते.

काका : म्हणजे... हिचं डोकं गेलेलं नाही?

नर्स : असं कोण म्हणालं?

काका : सगळेच. लेक उद्या वृद्धाश्रमाचे कागद घेऊन येतेय. काल हिनं मलाच विचारलं, "तुम्ही कोण?" शर्टाचं एक बटण चुकलं तर एक्केचाळीस वर्षं माझा उद्धार करत आलेली बाई!

नर्स : उद्याचं उद्या. आधी श्वास मोजू द्या. फार सावकाश चाललाय. डॉक्टरांशी बोललेय मी, गाडी निघालीय.

काका : पट्ट्या निघाल्या ना? मग उठवा की हिला!

नर्स : कातडीखाली साठलंय, ते उतरायला दिवस जाईल. दवाखान्यात नजरेखाली ठेवतील.

काका : मीच केलं हे. या हातांनी.

नर्स : जुनी काढा, हे कुणी तरी सांगायला हवं होतं तुम्हाला. चूक आमचीही आहे. चला, चपला घाला.

(दवाखाना. दुसऱ्या दिवशी दुपारी.)

नर्स : काका, सकाळपासून तिसऱ्यांदा सांगतेय, बटणं खालीवर लागलीत.

काका : असू दे.

नर्स : लेक येईल आता. काय म्हणेल?

काका : तिला थांबायला सांगितलंय. कागद पिशवीतच ठेव म्हटलं. आणि बटणांचं तुम्ही नका सांगू हो, सिस्टर. सांगणारी सांगेल.

काकू : ...पाणी.

नर्स : हे घ्या. सावकाश. काकू, हे कोण बसलेत, ओळखलंत?

काकू : अगं बाई! हे काय ध्यान! चार लोकांत असे आलात? इकडे या आधी.

काका : आलो.

काकू : आणि रडताय कशाला? नीट उभे राहा, बटण सापडत नाहीये मला.