मालक कधी येणार?

बायको: आणि या वेळी नळाबद्दल अवाक्षर काढायचं नाही.

नवरा: घर बघायला येणाऱ्या त्या नर्सने विचारलं तर?

बायको: विचारलं तर सांगा. पण दार उघडल्या उघडल्या ‘नळ गळतो’ म्हणून स्वागत नको. आधीचे दोघं तुमचं ऐकूनच पळाले.

नवरा: आपल्याला असं कुणी सांगितलं असतं, तर त्या गळक्या छताखाली आपण चार वर्षं काढली असती का?

बायको: ते खरं हो. पण एक तारखेपासून बँकेचा हप्ता सुरू. आपण राहतो त्याचं भाडं वेगळंच. दोन्ही तुमच्या बेकरीच्या पगारात बसायचं नाही. या महिन्यात भाडेकरू नाही मिळाला तर हे घर विकायची पाळी येईल. माझी वीस वर्षांची शिलाई आहे यात.

नवरा: मग आपणच येऊन राहू की.

बायको: आणि पहाटे तीनला भट्टी पेटवायला कसे पोचणार? इथून पहिली बस साडेपाचला.

नवरा: बेल वाजली गं.

बायको: ती नर्सच असेल. आधी हातातल्या चपला खाली ठेवा. स्वतःच्याच घरात चोरासारखे काय उभे राहता!

नवरा: फरशी नुकतीच पुसलीय म्हणून...

नर्स: नमस्कार. मी घर बघायला आले होते. सकाळी फोन केला होता बघा.

नवरा: या, या. आम्ही इथे कोपऱ्यात उभं राहिलो तर चालेल ना तुम्हाला?

नर्स: अं? चालेल की. बेडरूम ही का? छान आहे.

बायको: एकदम हवेशीर.

नवरा: फक्त दुपारी...

बायको: अहो!

नर्स: दुपारी काय?

नवरा: ऊन येतं. तीननंतर नुसती भट्टी.

नर्स: अरेरे. माझी रात्रपाळी असते हो बहुतेक. मी दिवसाच झोपते.

बायको: झालं समाधान?

नवरा: थांबा, थांबा. तुम्ही इथे झोपूच नका. बाहेरच्या खोलीत आतल्या भिंतीकडे डोकं करून झोपा. तिथे संध्याकाळपर्यंत गारवा राहतो, जिन्यातला आवाजही पोचत नाही. मीपण दिवसाच झोपणारा माणूस. परवा सतरंजी टाकून दोन्हीकडे झोपून बघितलं.

बायको: तुम्ही इथे येऊन झोपलात? मला तर म्हणालात, बेकरीत उशीर झाला!

नवरा: दुसऱ्याला झोपायला द्यायचं तर आपल्याला माहीत नको? आणि काय सांगू, अशी गाढ लागली... दारावर कोण येईल याची धास्तीच नव्हती.

नर्स: पाच घरं बघितली मी या महिन्यात. कुणी असं सांगितलं नाही. बरं, नळबिळ ठीक आहेत ना?

(बायको कपाळाला हात लावते.)

नवरा: मोरीतला गळतो. रविवारी प्लंबर येतोय.

नर्स: मला पसंत आहे घर. मालक कधी येणार?

नवरा: कोण?

नर्स: मालक. करारावर सही करायला. तुम्ही दोघं त्यांच्या वतीने देखरेख करता ना?

नवरा: आम्ही म्हणजे...

बायको: बोला की. का मी सांगू?

नवरा: नको. मालक... आम्हीच आहोत.

नर्स: अगंबाई! माफ करा हं काका. घराच्या खोडी मालक कधी स्वतःहून सांगत नाहीत, म्हणून मला वाटलं...

बायको: तुमची काही चूक नाही. सत्तावीस वर्षं भाड्याने राहिलो आम्ही, नऊ घरं झाली. अंगात मुरलंय ते. ‘मालक आम्हीच’ हे तर त्यांच्या तोंडून मीसुद्धा आज पहिल्यांदा ऐकलं.

नर्स: मग अटी काय तुमच्या?

नवरा: अटी? आमच्या?

बायको: पाच तारखेपर्यंत भाडं. आणि आम्ही यायचं झालं तर आधी फोन करून विचारू. न सांगता कुणी दारात येऊन उभं राहिलं की जीव कसा गोळा होतो, ते पुरेपूर ठाऊक आहे आम्हाला.

नर्स: काकू, एक विचारायचं होतं. माझ्या आईचा फोटो आहे, चांगला मोठा. या भिंतीला एक खिळा मारला तर चालेल?

नवरा: खिळा?

नर्स: चालणार नसेल तर राहू दे. मी टेबलावर ठेवीन.

बायको: टेबलावर कशाला? आमच्या लग्नातला फोटो सत्तावीस वर्षं कपाटाला टेकून उभा आहे. एकाही मालकाने खिळा मारू दिला नाही. तुम्ही खुशाल मारा.

नर्स: मग काका, तुम्हीच माराल? मला हातोडीची अजिबात सवय नाही.

नवरा: मला तरी कुठे आहे?

बायको: मारा हो. आता कुणाला विचारायचं नाहीये.