कार्डावरचं चौथं नाव

पूर्वी जावाच्या किनाऱ्यावरच्या आमच्या तेगलमध्ये गाडीच्या लायसन्सला फोटो पुरायचा. आता आरोग्य विमाही लागतो. विमा कचेरीच्या रांगेत माझ्यापुढे एक मिनीबसवाला आणि त्याची बायको उभी होती.

"विमा नाही म्हणून लायसन्स अडवायचं, ही कसली शिक्षा? त्यापेक्षा दंड घ्या म्हणावं."

"दंडाला तुम्ही कधी भ्यालात? बरं झालं अडवलं. काढा आता विमा."

"कुटुंबाच्या कार्डावर जितकी नावं, तितक्यांचा काढावा लागतो, रुकिनी. थोरल्या तर्योनोचासुद्धा."

"मग काढा त्याचाही."

"बोट बुडून दोन वर्षं झाली."

"बोट बुडाली. तो बुडालेला कोणी पाहिला?"

"मृत्यूच्या अर्जावर तू सही कर. नाव निघेल, मग तिघांचाच विमा."

"मी नाही करणार."

"दर महिन्याला त्याचा हप्ता भरायचा? कशासाठी?"

"आजारी होऊन परत आला तर?"

त्यांचा नंबर आला.

"घरात माणसं किती?" खिडकीतल्या बाईंनी विचारलं.

त्यानं बायकोकडे पाहिलं.

"चार," तो म्हणाला.

"चौघंही इथेच राहतात?"

"तिघं. थोरला समुद्रावर असतो."