धुकाळाची खोड

तुम्हाला तात्याचं सांगितलं का? तात्या म्हणजे माझा चाकूरचा चुलता. त्याचा जन्म देवणी बैलांत गेला. मी दिवसभर मोबाइलवर चित्रं काढते, हे त्याला रिकामपणाचं लक्षण वाटतं.

आमच्या ऑनलाइन ग्रुपनं मनानंच 'धुकाळ' नावाचा प्राणी तयार केलाय. त्याच्या तीन जाती, प्रत्येक जातीचे नियम ठरलेले, आणि त्यात बसेल असं आपलं पात्र काढायचं. माझं पात्र नियमात बसत नाही म्हणून ग्रुपच्या तपासणीतून दोनदा परत आलं होतं.

तात्या लातूरला आमच्या घरी आला तेव्हा चहा पिता पिता वाकून बघू लागला. "कोणत्या जातीचं हाय हे?"

"खडकी. पडलेले कान, आखूड शिंगं, घोट्यापर्यंत शेपूट."

"मग शेपूट गुडघ्यातच का संपलं? आमच्या प्रदर्शनात असलं जनावर फाटकातूनच माघारी धाडतेत."

मी शेपूट वाढवलं, आणि पात्र तासाभरात पास! नाचत नाचत त्याला दाखवलं.

"झालं पास. पण कळपात वळखायचं कसं? ह्याची खोड काय?"

"खोड?"

"आपला सर्ज्या बैल शीळ घातल्याबिगर पाण्याला तोंड लावत नव्हता. तसं कायतरी दे की ह्याला."

मी तीच खोड देऊन टाकली. ग्रुपला लई आवडली.

आता चाकूरहून रोज संध्याकाळी फोन येतो. माझी खुशाली नंतर, आधी विचारतो, "पाणी पिलं का त्यानं?"

"हाव तात्या, पिलं."

"शीळ घातलीस?"

काय सांगू, घातलेली असते.