काचेवरचं कुंकू

दसऱ्याला नळ कोरडे पडले तेव्हा कमलबाईंनी फिल्टर हाऊसवाल्यांना शिव्यांची लाखोली वाहिली होती. त्यामुळे धुळ्याच्या एसटीत पुढच्या बाकावर फिल्टर हाऊसवरचाच पितांबर थोरल्या बहिणीशी बोलायला लागला, तसे त्यांनी कान टवकारले.

"अक्का, पाणी नितळ, अन मीटर म्हणे गढूळ. घंटी थांबेना. बठ्ठ्या गावाचं पाणी बंद केलं."

"सणाच्या दिवशी? मीटर बिघडेल शे का मग?"

"तेच वाटलं. तारा तपासल्या, पाणी गाळायची वाळू धुतली. शेवटी धुळ्याहून साहेब आले. त्यांनी मीटरचं झाकण उघडलं अन हसतच सुटले."

"मझार काय व्हतं?"

"आत काचेची नळी असते. तिच्यातल्या पाण्यातून दिव्याचा उजेड किती पलीकडे जातो, त्यावरून मीटर गढूळपणा सांगतं. त्या काचेवर कुंकवाची पाच बोटं."

"कोणी लावली?"

"मीच. खंडेनवमीला सगळ्या यंत्रांची पूजा केली, मग यालाच कसं वगळू?"

"साहेब चिडले असतील."

"छे. काच पुसली, पाणी सोडलं, अन म्हणाले, उरलेलं कुंकू मला लाव."

"लावलं?"

"लावलं. पण त्यांनी आधी चष्मा काढून खिशात ठेवला."